आपाचे कुत्रे आणि अम्मीचा पासपोर्ट

"कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत. मग मी कशी जाऊ?" अम्मीचं हे वाक्य गेली चार वर्षं आमच्या घरात पडून होतं. माझी मोठी बहीण, म्हणजे आपा, कॅनडात एडमंटनला राहते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत तिचे मियां गेले. पुढच्या हिवाळ्यात भाचीने बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातून एक म्हातारा हस्की घरी आणला. वर्षभराने त्याच्या सोबतीला एक बीगल आला. हस्कीचं नाव शेरू, बीगलचं बिस्किट. झालं. अम्मीने एडमंटनला जायचा विषयच बंद केला. खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपाने एखादा फोटो टाकला आणि त्याच्या कोपऱ्यात शेरूची शेपटी दिसली, की अर्ध्या तासात कोणीतरी हदीसचा फॉरवर्ड टाकणार हे ठरलेलं. शेवटी आपाने फोटो टाकणंच सोडलं. विधवा बहीण परदेशात काय खाते, कशी झोपते, हे कोणी विचारलं नाही. कुत्र्याची लाळ कपड्याला लागते का, हे मात्र सगळ्यांनी विचारलं.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत अम्मीच्या वतीने मी जाऊन आले. एडमंटनमध्ये आठच दिवस राहिले. उरलेले तीन आठवडे आपा, भाची, मी आणि ते दोन कुत्रे एका कॅम्पिंग ट्रेलरमध्ये अलास्का हायवेने उत्तरेकडे फिरत होतो. माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा नव्हता, त्यामुळे अलास्कात पाऊल टाकलं नाही, युकॉनमधल्या क्लुआनी सरोवरावरून माघारी फिरलो. तिथल्या डोंगरांचं वर्णन करायला मी बसलेली नाही, त्यासाठी यूट्यूब आहे. मला बोलायचं आहे ते कुत्र्यांबद्दल आणि आपल्याबद्दल.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे मी फार मोठ्या मनाची आहे असा कोणाचा गैरसमज नको. नऊ वर्षांची असताना मदरशातून येताना मला कुत्रा चावला होता. त्या काळात तालुक्याच्या दवाखान्यात पोटात इंजेक्शनं देत, बेंबीभोवती, एकूण चौदा. रोज सकाळी अब्बा मला सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचे आणि मी वाटभर रडायचे. त्यानंतर पस्तीस वर्षं कुत्रा दिसला की मी रस्ता बदलत आले. लोक समजायचे, बाई पाकीची फार काळजी घेतात. मीही तसंच समजू दिलं. भीतीपेक्षा पाकी सांगायला बरी वाटते.

तर असा माणूस एकवीस फुटी ट्रेलरमध्ये दोन कुत्र्यांसोबत राहायला गेला. ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. दोन पलंग, एक चूल, फळीएवढं टेबल, बाथरूम, आणि खाली दीडशे लिटर पाण्याची टाकी. हे सगळं पिकअप ट्रकच्या मागे एका लोखंडी गोळ्याला अडकवून ओढायचं. भाची रोज सकाळी निघण्याआधी सुरक्षा साखळ्या, ब्रेकची वायर, मागचे दिवे आणि टायरमधली हवा तपासायची. एक गोष्ट रोज चुकली तरी चालते असं समजणाऱ्या माझ्या वर्गातल्या मुलांना हे दाखवायला हवं होतं. ट्रेलर मागे घ्यायचा तर स्टिअरिंग उलट फिरवावं लागतं. गाडी डावीकडे वळली की ट्रेलर उजवीकडे जातो. तिने मला एका रिकाम्या मैदानात प्रयत्न करायला लावला. मराठी लिहिणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी उर्दूचा अलिफ उजवीकडून काढायला लावतात, तशी माझी अवस्था झाली. आपा बाहेर उभी राहून हसत होती. तिला हसताना मी बऱ्याच वर्षांनी बघितलं.

आता मुद्द्याचं. आम्ही कोकणातले मुसलमान, बहुतेक शाफई. आमच्याकडे कुत्र्याचा नियम सगळ्यांत कडक. भांड्याला कुत्र्याने तोंड लावलं तर सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीने. आमच्या फिकहमध्ये ओल्या अंगाचा स्पर्शही त्यातच येतो. हनफींकडे लाळ नापाक, पण कोरडं अंग लागलं म्हणून कपडा नापाक होत नाही. मालिकींकडे तर जिवंत कुत्रा मुळात पाकच मानतात. सात वेळा धुणं ते हुकूम म्हणून पाळतात, घाण म्हणून नाही. चार इमामांच्या काळापासून हा मतभेद आहे आणि कोणी कोणाला त्यावरून इस्लामबाहेर काढलेलं नाही. आमच्या ग्रुपवरच्या फॉरवर्डमध्ये ही ओळ कधीच येत नाही.

दीडशे लिटर पाण्यात पाच जीव आणि सात वेळा धुणं, हे कसं जमवायचं? मी एडमंटनहून निघताना मनात हिशेब करत होते. भाचीने तो आधीच केलेला होता. कुत्र्यांची भांडी स्टीलची, त्यांची जागा दाराजवळ, त्यांचं पांघरूण वेगळं, आणि धुण्याचा स्पंजसुद्धा वेगळ्या रंगाचा. जानमाज वरच्या बंद कपाटात. पलंगावर कुत्रा चढवायचा नाही, हा नियम आपाचा. बिस्किटने तो रोज मोडायचा प्रयत्न केला आणि रोज ओरडा खाल्ला. तीन आठवड्यांत भांडं मातीने धुवायची वेळ दोनदा आली. एकदा बिस्किटने माझा चहा प्यायला. मी नदीकाठची माती आणली, सात वेळा कप धुतला, पाच मिनिटं लागली. चार वर्षं ज्या गोष्टीसाठी एक आई आपल्या मुलीकडे गेली नाही, ती गोष्ट पाच मिनिटांची होती.

मला हेच म्हणायचं आहे. शरीयतने कुत्र्याबद्दल धुण्याचा नियम दिला. नियम देते याचा अर्थच असा, की कुत्रा माणसाच्या आसपास असणार आहे आणि भांड्याला तोंड लावणार आहे, हे तिने धरून ठेवलंय. किळस बाळगण्याचा हुकूम कुठे आहे? शिकारी कुत्र्याने धरलेलं खाण्याची परवानगी सूरह माइदात आहे. तहानलेल्या कुत्र्याला बुटातून पाणी पाजणाऱ्याची बख्शिश झाली, ही हदीस बुखारीत आहे, आणि तिथेच एका बदनाम बाईचीही तशीच रिवायत आहे. आमच्या मदरशात या दोन्ही गोष्टी शिकवल्या होत्या. शिकवून झाल्यावर बाहेर दगड मारायला मोकळीक होती.

दुसरी बाजू लपवणं मास्तरणीला शोभत नाही. शिकार, गुरं, शेती यांच्याशिवाय शौक म्हणून कुत्रा पाळणाऱ्याचा रोजचा सवाब घटतो, अशीही हदीस आहे, आणि अम्मी म्हणते ती फरिश्त्यांचीही आहे. त्या मी नाकारत नाही. राखणीसाठी पाळलेल्या कुत्र्याचा हुकूम काय, आंधळ्याला वाट दाखवणाऱ्याचा काय, यावर उलमांनी लिहिलेलं आहे. नवरा गेल्यानंतर उणे तीस अंशांच्या हिवाळ्यात, जिथे संध्याकाळी साडेचारला अंधार पडतो, त्या घरात दोन बायकांसोबत राहणारा कुत्रा शौकाचा की गरजेचा? फतवा देण्याची माझी लायकी नाही. पण प्रश्न विचारण्याआधीच ज्यांनी उत्तर फॉरवर्ड केलं, त्यांची तरी होती का?

रस्त्याबद्दल थोडं. एडमंटनपासून डॉसन क्रीक साधारण सहाशे किलोमीटर. अलास्का हायवे तिथे सुरू होतो, शून्य मैलाचा खांब आहे. (सोन्याच्या शोधातली प्रसिद्ध डॉसन सिटी वेगळी, ती खूप वर युकॉनमध्ये. मीही आधी गोंधळले होते.) तिथून व्हाइटहॉर्सपर्यंत चौदाशे किलोमीटर. दोन पेट्रोल पंपांमध्ये इतकं अंतर, की टाकी अर्धी झाली की भरायची. मे अखेरीस रस्त्याच्या कडेला कोवळं गवत खायला काळी अस्वलं येतात. त्यामुळे कुत्र्यांचं खाणं बाहेर ठेवायचं नाही आणि कुत्रा सोडायचा नाही. मोकळा कुत्रा अस्वलावर भुंकायला जातो, मग अस्वलाला पाठीशी घेऊन मालकाकडेच परत येतो, असं भाची म्हणाली. दर दोन-अडीच तासांनी थांबून त्यांना पट्ट्याला बांधून फिरवायचं. पहिले दोन दिवस मी गाडीतच बसून राहिले. तिसऱ्या दिवशी भाची ट्रेलरचं टायर बघत होती, तेव्हा तिने विचारल्याशिवाय शेरूचा पट्टा माझ्या हातात दिला. तो म्हातारा माझ्याही पेक्षा हळू चालत होता. मधूनच थांबून मागे बघायचा, मी येतेय का म्हणून.

हा रस्ता १९४२मध्ये अमेरिकन सैन्याने बांधला. पर्ल हार्बरनंतर जपान अलास्कात उतरेल ही धास्ती होती. अडीच हजार किलोमीटरच्या वर लांबीची कच्ची वाट त्यांनी आठ महिन्यांच्या आसपास काढली. दहा हजारांवर सैनिक होते, त्यांतले एक तृतीयांशाहून अधिक काळे. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या पलटणी वेगळ्या. काळ्या सैनिकांना वस्त्यांपासून लांब ठेवायचं असं धोरण होतं. त्यांनी रस्ता बांधावा, पण गावात दिसू नये. सिकानी चीफ नदीवरचा लाकडी पूल त्यांच्याच एका पलटणीने चार दिवसांच्या आत उभा केला. उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून येणारे दोन बुलडोझर त्या ऑक्टोबरात बीव्हर क्रीकजवळच्या जंगलात समोरासमोर आले, तेव्हा एकावर काळा सैनिक होता, दुसऱ्यावर गोरा. दोघांनी हात मिळवल्याचा फोटो आहे. अमेरिकेच्या सैन्यातली ही फाळणी मोडायचा हुकूम निघाला १९४८मध्ये. मी ती पाटी वाचत होते तेव्हा माझ्या डोक्यात आमच्या गावचा पाणवठा आला. कोणी कुठे उभं राहायचं, कोणाचं भांडं कशाला लागता कामा नये, हे आपण मुसलमानांनीही बिरादऱ्यांमध्ये शिकून घेतलंय. ज्याला लांब ठेवायचं, त्याला आधी नापाक म्हणायचं असतं.

कुत्र्यांचाही असाच इतिहास तिकडे आहे, आणि तो मला माहीत नव्हता. युकॉनपासून खूप पूर्वेला, आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांचं सगळं जगणं स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांवर होतं. शिकारीला जायचं कुत्र्यांवर, दुसऱ्या वस्तीला जायचं कुत्र्यांवर. १९५० आणि ६०च्या दशकांत त्यांना सरकारी वस्त्यांमध्ये बसवलं गेलं आणि पोलिसांनी त्यांचे कुत्रे गोळ्या घालून मारले. मोकाट आहेत, रोग पसरवतात, अशी कारणं होती. कुत्रा गेला तशी शिकार गेली, माणूस सरकारी मदतीच्या रांगेत आला. कॅनडा सरकारने यासाठी २०१९मध्ये नुनावुटच्या किकिक्तानी भागातल्या इन्युइटांची माफी मागितली, आणि २०२४च्या नोव्हेंबरात उत्तर क्वेबेकमधल्या नुनाविकच्या इन्युइटांची, साडेचार कोटी डॉलर भरपाईसह. एखाद्या सरकारला कुत्र्यांबद्दल माफी मागावी लागते हे मी आमच्या स्टाफरूममध्ये सांगितलं, तेव्हा एक सर हसले. त्यांची बैलजोडी कोणी गोळी घालून मारली असती तर ते हसले नसते.

आणि आपले लोक त्या उत्तरेत नव्हते असं नाही. लेबनानच्या एका गावातून आलेले एक अरब मुसलमान, पीटर बेकर या नावाने तिथे ओळखले गेले. मूळ नाव बदूइन फेर्रान. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते उत्तरेत फरचा व्यापार करत आणि पुढे १९६४मध्ये नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या कौन्सिलवर निवडून आले. 'मेमॉयर्स ऑफ ॲन आर्क्टिक अरब' या नावाने त्यांच्या आठवणी प्रसिद्ध आहेत. त्या काळात तिथल्या हिवाळ्यात माल हलवायचा तर कुत्र्यांची गाडी हाच रस्ता होता. एडमंटनमध्ये १९३८ साली कॅनडातली पहिली मशीद, अल् रशीद, उभी राहिली ती अशाच लेबनानी कुटुंबांच्या खटपटीने. हिल्वी हमदून नावाच्या बाई महापौरांकडे जागेसाठी गेल्या आणि दुकानादुकानांत वर्गणी मागितली. उद्घाटनाला कुरआनचे इंग्रजी अनुवादक अब्दुल्ला युसूफ अली हजर होते, आणि ते जन्माने मुंबईचे. ती जुनी लाकडी इमारत आता संग्रहालय-उद्यानात जपून ठेवली आहे. आपाने मला तिथे नेलं होतं. मुंबईचा माणूस इथे येऊन गेलाय हे ती अशा अभिमानाने सांगत होती, जणू तो आमच्याच मोहल्ल्यातला.

लियार्डच्या गरम पाण्याच्या झऱ्याशी आम्ही दोन दिवस थांबलो. स्त्री-पुरुष सगळे एकाच कुंडात उतरतात, त्यामुळे मला जायचं नव्हतं. कुत्र्यांनाही तिथे नेता येत नाही. म्हणजे हिशेब सरळ होता. आपा आणि भाची गेल्या, मी आणि दोन कुत्रे ट्रेलरपाशी. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मी कुत्र्यांसोबत एकटी होते. दोघांना दोरीने दाराशी बांधलेलं होतं, आणि मी आत जाऊन कडी लावून बसले. जुहरची वेळ झाली. आत उकडत होतं म्हणून दार उघडलं, फक्त जाळीचं ओढून घेतलं आणि नमाजला उभी राहिले. दुसऱ्या रकातीत बाहेर जड पावलांचा आवाज आला. बिस्किट गुरगुरायला लागला. नमाज तोडावी की काय असा विचार आला, पण पाय हलेनात. सलाम फेरून बघते तर पंधरा पावलांवर एक रानटी बायसन उभा. आपल्या गव्याचा थोरला भाऊ. बिस्किटची वाचा बसली होती, तो ट्रेलरखाली घुसला होता. आणि शेरू दाराच्या पायरीवर, पुढचे दोन पाय पसरून, बायसनकडे बघत पडलेला. ना भुंकला, ना हलला. पाच-सात मिनिटांनी बायसन आपल्या वाटेने निघून गेला.

सूरह कहफ दर जुम्याला वाचणाऱ्यांना त्या पसरलेल्या पायांबद्दल मी वेगळं काही सांगायला नको. गुहेतल्या त्या तरुणांची मोजणी करताना प्रत्येक वेळी कुत्राही मोजला आहे. लहानपणापासून मी ती आयत पाठ म्हणत आले, आणि तिच्यातला कुत्रा हा मला नेहमी कुत्रा नसून 'कल्ब' वाटायचा, पुस्तकातला.

मी शेरूला हात लावला का? नाही. माझा वुजू होता आणि असरची वेळ लांब नव्हती. मी त्याच्या वाडग्यात पाणी ओतलं.

तिकडचं सगळंच मला आवडलं असंही नाही. शेजारच्या ट्रेलरमधलं जोडपं आपल्या कुत्र्याला स्वतःच्या चमच्याने आइस्क्रीम भरवत होतं आणि त्याच कुत्र्यासाठी एका ढकलगाडीत पंखा लावला होता. त्यांच्याशी बोलताना कळलं, बाईंची आई एका वृद्धाश्रमात आहे आणि ख्रिसमसपासून भेट झालेली नाही. मी लगेच मनात शेरा मारला, बघा यांचं प्रेम. रात्री झोप येईना. युकॉनजवळ मे अखेरीस सूर्य रात्री फार उशिरा मावळतो आणि पुरता अंधार पडतच नाही, इशा कधी पढायची हाच प्रश्न. त्या उजेडात पडल्या पडल्या मनात आलं, माझी आई आपल्या मुलीला किती वर्षं भेटलेली नाही? तिथे कारण कुत्र्यावरचं प्रेम, इथे कुत्र्याचा तिरस्कार. वृद्धाश्रमावरचा शेरा मी परत घेतला.

वॉटसन लेकला एक पाट्यांचं जंगल आहे. १९४२मध्ये घरच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या एका सैनिकाने आपल्या इलिनॉयमधल्या गावाची पाटी तिथे ठोकली. पुढे येणारे-जाणारे आपापल्या गावाच्या पाट्या ठोकत गेले, आज त्या हजारोंनी आहेत. भाचीने एडमंटनहून एक फळी आणि रंग घेतले होते. दाभोळच्या खाडीकाठच्या आमच्या गावाचं नाव मी त्यावर दोनदा लिहिलं, वर देवनागरीत, खाली उर्दूत. आपाने खिळे ठोकले. तिने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकू का, असं मला विचारलं. फोटोत खाली डावीकडे शेरू बसलेला होता. मी म्हटलं, टाक, कापू नकोस. तिने टाकला. अर्ध्या तासाने नेहमीचा फॉरवर्ड आला. त्याच्याखाली मी पाणी पाजण्याची हदीस टाकली, बुखारीच्या हवाल्यासकट. मग ग्रुपवर दोन दिवस शांतता. उर्दू शिकवणाऱ्या बाईशी हवाल्यांमध्ये भांडायला लोक कचरतात, या नोकरीचा एवढा तरी फायदा आहे.

मराठी वाचणाऱ्या माझ्या हिंदू मैत्रिणींना हा सगळा वाद आमच्याच घरचा वाटेल. नामदेवांची गोष्ट मी पाचवीच्या वर्गाला दरवर्षी सांगते: भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. मुलांना ती फार आवडते. मधल्या सुट्टीत तीच मुलं, सगळ्या जातिधर्मांची, शाळेमागच्या कुत्रीच्या पिल्लांना दगड मारतात. मोकाट कुत्र्यांचा प्रश्न खरा आहे, रेबीज खरा आहे, माझ्या पोटावरच्या चौदा सुया खऱ्या आहेत. त्यासाठी लस आणि नसबंदी लागते, नगरपालिकेने काम करावं लागतं. दगड हा त्यातला कुठलाच उपाय नाही.

परत आल्यावर अम्मीला मी सगळं सांगितलं. पाण्याची टाकी, वेगळा स्पंज, मातीने धुतलेला कप. बायसनचा किस्सा तिने दोनदा ऐकला. मग बराच वेळ सुपारी कातरत बसली.

"जानमाज वरच्या कपाटात होती ना?"

"होय अम्मी."

"आणि तो म्हातारा. थंडीत त्याला आत घेतात ना?"

तिचा पासपोर्ट २०१९मध्येच संपलाय. नव्याचा अर्ज मी परवा भरला. फोटोत ओढणी किती मागे घ्यायची, यावरून स्टुडिओवाल्याशी तिचं भांडण झालं आहे, ते मिटवायला उद्या जायचंय.